आभासी वाड्यातले पाहुणे देवडीतूनच परत जातात, काय करावं?

राजवाड्यामागची
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मंडळातल्या पाच-सहा जणांनी मिळून ओपनसिम्युलेटरवर (संगणकावरचं आभासी जग, तिथे प्रत्येकजण अवतार म्हणजे आपला बाहुला घेऊन फिरतो) एक रिजन, म्हणजे तिथल्या जमिनीचा तुकडा, भाड्याने घेतलाय, २५६ मीटर बाय २५६ मीटर. त्यात वाडा बांधलाय: देवडी, चौक, तुळशीवृंदावन, मागे दिवाणखाना. हेतू एवढाच की न्यू जर्सी नि टोरांटोला गेलेली आपली माणसं महिन्यातून एकदा गाण्याला, वाचनाला जमावीत. वाडा झकास झालाय. पण माणूस उतरतो, दोन मिनिटं जागच्या जागी उभा राहतो आणि नाहीसा होतो. गेल्या रविवारी चौदा आले, दिवाणखान्यापर्यंत पोचले चार.

देवडीत सध्या स्वागताची पाटी, नियमांची पाटी, कार्यक्रमपत्रिका, नकाशा, मंडळाचा इतिहास (तीन फलक) आणि अहिल्यादेवींचं मोठं चित्र आहे. उतरताक्षणी सनई वाजते, एक नोटकार्डही (मजकुराची चिठ्ठी) आपोआप हातात पडतं. आणखी काय ठेवावं?

सेव_जास्त
आणखी? ताई, आहे त्यातलं उचला आधी. पाहुणा दारात आला की आपण त्याच्या हातात घराण्याची वंशावळ देतो का? या, बसा, पाणी घ्या. बास.

टोरांटोची_मावशी
अगं, त्या परत गेलेल्या दहांतली एक मी. उतरले ती खांबाकडे तोंड करून. सगळं राखाडी, पाट्या कोऱ्या. कानात एकदम सनई. इथे रात्रीचे साडेदहा, हे शेजारी झोपलेले! आवाज कुठे बंद करायचा ते शोधतेय तोच ते कार्ड आलं, घ्यायचं की नाही विचारत. मी काहीतरी दाबलं. तेवढ्यात कोणीतरी माझ्या डोक्यावर येऊन उभं राहिलं. खरोखर डोक्यावर. मग मी लॅपटॉप मिटला. रागावून नव्हे गं, लाजून.

राजवाड्यामागची
मावशी, माफ करा! पण मी दर वेळी वाड्यात येते तेव्हा बरोब्बर हवी तिथे उतरते.

जुना_अवतार
तिथेच तर गोम आहे. तुम्ही जमिनीच्या मालक. उतरण्याची जागा ठरवून दिली तरी मालकाला तिचं बंधन नसतं, तो हवा तिथे उतरू शकतो. दुसरं साधं खातं काढा आणि त्या खात्याने पाहुण्यासारखे या. तेही शक्यतो दुसऱ्या कोणाच्या संगणकावरून, कारण तुमच्या यंत्रात वाड्याची सगळी चित्रं आधीच साठलेली आहेत. नवख्याला ती पहिल्यापासून उतरवून घ्यावी लागतात, म्हणून मावशींना राखाडी दिसलं.

मी सेकंड लाइफ या अशाच आभासी जगात बरीच वर्षं काढली (ते २००३ साली सर्वांसाठी खुलं झालं, ओपनसिम्युलेटर २००७चं) आणि हीच चूक स्वतःही केली आहे. तेव्हा जरा पाल्हाळ लावतो.

एक, उतरण्याची जागा नेमताना तुमच्या अवताराचं तोंड जिकडे असेल ती दिशाही नोंदली जाते. तेव्हा चौकाकडे तोंड करून उभ्या राहा नि मगच ती नेमा. आणि पाठीशी भिंत नको. कॅमेरा अवताराच्या मागे, थोडा वर असतो. मागे भिंत असली की तो अडतो आणि माणसाला स्वतःच्या टाळूपलीकडे काही दिसत नाही.

चित्रांचं म्हणाल तर १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं एक टेक्स्चर (वस्तूवर चिकटवलेलं चित्र) ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत सुमारे ४ एमबी घेतं, ५१२ बाय ५१२चं १ एमबी. चौपटीचा फरक! तुमचे आठ फलक म्हणजे आठ मोठी चित्रं, तीही दारातच. इतिहास आत न्या. ज्याला रस आहे तो दिवाणखान्यात वाचेल. दारात एकच पाटी ठेवा, चार शब्दांची. अक्षरं चित्र म्हणून चढवा, म्हणजे कोणाच्या यंत्रात कुठला फॉन्ट आहे हा प्रश्नच राहत नाही.

सनई चौकात लावा, पण पाहुण्याने टिचकी मारली तरच वाजेल अशी. नोटकार्ड तर काढूनच टाका.

नकाशेवाला
बाकी सगळं मान्य. पण देवडी अस्सल ठेवा ही विनंती. मोठा दरवाजा बंद, त्यातला दिंडी दरवाजा उघडा, वाकून आत यायचं. वाड्यात शिरल्याची जाणीव त्या वाकण्यातच आहे.

जुना_अवतार
प्रत्यक्षात हो. इथे अवतार दिंडीतून जाईल, कॅमेरा बाहेर अडकेल. दारं दुपटीने मोठी करा, छत किमान पाच मीटर. डोळ्यांना ते प्रमाणातच वाटतं, करून बघा.

नकाशेवाला
दुपटीने! आमच्या मास्तरांनी कान पकडला असता. बरं, मग दिंडी नुसती कोरून दाखवा आणि मोठा दरवाजा सताड उघडा ठेवा. आणखी एक. आपल्या राजवाड्यासमोर उभं राहिलं की दिशा चुकत नाही. सात मजली उंची, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी; १९८४च्या आगीत मागचं बरंच गेलं, तरी तो दर्शनी भाग अजून गल्लीच्या टोकावरून ओळखू येतो. तुमच्या देवडीतून असं एकच काहीतरी समोर दिसू दे. तुळशीवृंदावन आहेच, त्यावर दिवा लावा आणि बाकीचा चौक थोडा मंद ठेवा. पाय आपसूक तिकडे वळतील, नकाशा लागणार नाही.

सेव_जास्त
भिया, सराफ्यात कुठे नकाशा असतो? रात्री जिथे गर्दी तिथे भुट्ट्याचा कीस. माणसं बसवा हो दारात. रिकाम्या वाड्यात कोणाचाही जीव घाबरेल.

टोरांटोची_मावशी
हे खरं बोललात. मला पाटी नकोच होती, "या मावशी" म्हणणारं कोणी हवं होतं. आणि बसायला जागा. उभं राहून हात कुठे ठेवावे तेच कळेना.

जुना_अवतार
मावशींनी लाखातलं सांगितलं. बसणं ही इथली सगळ्यात सोपी क्रिया: टिचकी मारली की बसलं. चालणं, वळणं, कॅमेरा फिरवणं नंतर येतं. उतरल्या जागेपासून चार पावलांवर ओसरीत झोपाळा टांगा. जमिनीवर काही मांडू नका, दहा जण एकाच ठिकाणी उतरले तर सरकायला मोकळी फरशी हवी.

राजवाड्यामागची
खालची गोष्ट तीन आठवड्यांनंतरची. दुसरं खातं काढून भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवरून आले आणि खांबाकडे तोंड करून उतरले. मावशी, तुमची शप्पथ, मलाच रडू आलं. सात फलक आत नेले. त्यावर मंडळात भांडण झालं, कारण इतिहासाचे फलक ज्यांनी लिहिले ते अजून बोलत नाहीयेत. अहिल्यादेवींचं चित्र दिवाणखान्यात समोर लावलं, तिथे ते जास्त शोभतं. झोपाळा टांगला. कार्यक्रम इंदूरचे सकाळचे साडेसात असा ठरवला, म्हणजे सध्या टोरांटोत आदल्या रात्रीचे दहा होतात, आणि सातपासून आम्ही दोघी पाळीने ओसरीत बसतो.

काल अकरा आले, नऊ शेवटपर्यंत थांबले. मावशी झोपाळ्यावरून उठेचनात. टोरांटोचे एक आजोबा उतरल्या उतरल्या इकडेतिकडे बघत म्हणाले, "पाय धुवायला घंगाळ कुठे ठेवलंय?"

कोणाकडे हलकं मेश (वस्तूचा त्रिमितीय सांगाडा) असलेलं तांब्याचं घंगाळ आहे का? तांब्याही चालेल.