स्मरणशक्ती एकाच रसायनाच्या नावावर टाकता येते का?

सह्यवाटा
‘अ‍ॅसिटिलकोलीन म्हणजे स्मृती, डोपामाइन म्हणजे आनंद’ ही मेंदूतल्या रसायनांची वाटणी आता सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. उंदराला अंधाऱ्या कप्प्यात पायाला विजेचा झटका बसला की दुसऱ्या दिवशी तो तिथे शिरायला कचरतो. जितका जास्त वेळ बाहेर थांबेल, तितकी आठवण पक्की. झटक्यानंतर लगेच नालोक्सोन टोचून मेंदूतल्या अफूसारख्या रसायनांना अडवलं, तर ती आणखी पक्की होते. पण जोडीला प्रोप्रानोलोल देऊन ताणाच्या वेळी मेंदूत सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखला, की सगळा फायदा गेला! दोन-दोन यंत्रणा एकमेकींत गुंतल्यात. एकीला श्रेय कसं देणार?

औषधवाला
नाही पटलं. नालोक्सोनने वेदना वाढते. उंदराला झटका जास्त लागला, एवढंच. आणि डिमेन्शियाच्या पेशंटला डोनेपेझिल देतात, ते एकट्या अ‍ॅसिटिलकोलीनचंच प्रमाण वाढवतं ना? काहींना फरक पडतो, हे दुकानात रोज बघतो.

सह्यवाटा
इंजेक्शन झटक्यानंतरचं आहे हो. दुखायचं ते दुखून झालेलं असतं. स्मृतीचे अभ्यासक जेम्स मॅकगॉ यांनी ही पद्धत रुजवली ती याचसाठी. आणि डोनेपेझिलचा फायदा तोकडा पडतो, कारण अल्झायमरमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवणाऱ्या पेशीही मरतात.

मीनल
माझं दोघांशीही जमत नाही. झटक्यातून भीतीची आठवण कळते, रोजची नाही. 2016 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या गटाने उंदरांना वाळूत पुरलेला खाऊ शोधायला शिकवलं. अर्ध्या तासाने अनोळखी जमिनीवर जरा फिरवून आणलं, की एरवी दिवसभरात विसरली जाणारी जागा 24 तासांनीही लक्षात राहायची. हे काम लोकस सेरुलियसचं, म्हणजे मेंदूतल्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या ठाण्याचं. पण बीटा ब्लॉकर (प्रोप्रानोलोल त्याच गटातलं) देऊनही फायदा टिकला. हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागातले डोपामाइनचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागा, अडवल्यावर मात्र गेला. त्यामुळे तुमचं प्रोप्रानोलोलचं उदाहरण सरसकट लावू नका.

सह्यवाटा
यातून माझाच मुद्दा भक्कम होतो. लोकस सेरुलियस या एकाच केंद्रातून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामाइन, अशी दोन रसायनं!

औषधवाला
असेल. तरी गोळी बनवायची तर कुठला तरी एकच रिसेप्टर धरावा लागतो. सगळं जाळं धरून औषध होत नाही.

मीनल
धरा की. पण डोनेपेझिल घेणाऱ्या त्याच आजींना लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात, ते अ‍ॅसिटिलकोलीनच अडवतं. दोन्ही चिठ्ठ्या तुमच्याच काउंटरवर येत असतील, तर आधी डॉक्टरांना फोन करा.