बाबांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायची आहे. तुमचे अनुभव सांगा

आमचे बाबा काटोल तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. गेल्या दिवाळीत आम्ही भावंडांनी त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायचं ठरवलं. पैसे आठवड्याभरात जमले, वाद मात्र तीन महिने पुरला. नागपुरात राहून गावाकडे असं काही सुरू केलेल्यांनी लिहा. काय चुकलं ते आधी.

उमरेड
२०१४ मध्ये सासऱ्यांच्या नावानं ५० हजारांची मुदत ठेव केली. तेव्हा ९ टक्के मिळत होते, म्हणजे वर्षाला साडेचार हजार. २०२१ मध्ये दर साडेपाचच्याही खाली गेला आणि हातात २,७०० आले. इकडे वह्या-पुस्तकं महाग, तिकडे आमची शिष्यवृत्ती बारीक. आता त्यांच्या तिथीला दरवर्षी मूळ ठेवीत थोडी भर घालतो. सगळं व्याज वाटून टाकू नका.

सावनेर
आजोबांच्या नावाची ठेव एका शाळेत होती. मुख्याध्यापक निवृत्त झाले, पावती कपाटात राहिली, मुदत संपली तरी कुणी बँकेत गेलं नाही. दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. मागितले की परत मिळतात, पण कुणी मागायचे? ठेव शाळेची, सह्या जुन्या, आणि घरातला कागदपत्रं सांभाळणारा माणूसच गेलेला. पावतीची झेरॉक्स दोन घरांत ठेवा. एवढंच.

रामटेक
मी सांगतो बाप्पा, आमच्याकडून काय झालं ते. पयल्या वर्षी दहावीत पयला येईल त्याले द्यायचं ठरवलं. पयला आला तो डॉक्टरचा पोरगा, नागपुरात ट्युशन लावलेला. पाकीट घेतलं, थँक्यू म्हटलं, गेला. मंग दुसऱ्या वर्षी आमी 'गरीब व होतकरू' असं कार्डावर छापलं. ज्या पोट्टीले मिळालं तिचा बाप वीटभट्टीवर. माइकवर सारं सांगतलं आमच्या काकानं, बापाचं काम, घरचं छप्पर, सारं. काकाले वाटलं लोकायचे डोळे पाणावतील. पोट्टीनं मान वर केली नाही. अकरावीचा हप्ता न्यायला ते आलीच नाही. मी दोनदा निरोप धाडला. शेवटी तिच्या आईनं सांगतलं, पैसे नको, नाव पुकारू नका. तवापासून माइक बंद. वर्गशिक्षक तीन नावं देतात, आमी घरी चहाले बोलावतो, पैसे खात्यात जातात. माह्या आईच्या नावाचा फोटो पेपरात येत नाही म्हून काका अजून रागावून हाये.

नागपूर, धरमपेठ
हिशेबतपासनीस म्हणून सांगते: लाख-दोन लाखांसाठी ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, विश्वस्त बदलला की बदल अर्ज. भावाभावांत बोलणं थांबलं की तोही अर्ज अडतो. आधीच ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता) असलेल्या एखाद्या संस्थेकडे ठेव द्या आणि निवड कोण करणार, व्याज कसं वापरायचं हे लिहून घ्या. आपल्या विद्यापीठात दीक्षांत समारंभाला दिली जाणारी कित्येक पदकंही अशा दानातूनच आली आहेत.

नरखेड
वेळ बघा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. खरी पैशाची ओढ तेव्हा, प्रवेशाच्या रांगेत. आम्ही मात्र हौसेनं २६ जानेवारीला वाटत होतो, तोवर पालकांनी सावकाराचं किंवा मामाचं घर गाठलेलं असायचं. आणखी एक: ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलत असूनही तिसरा हिस्सा भरावा लागतो. रोज येणं-जाणं करणाऱ्या दोन मुलांचे पास आम्ही काढून देतो. याला शिष्यवृत्ती म्हणायचं का, ठाऊक नाही.

धागा काढणारी
सगळ्यांचे आभार. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. रामटेकच्या दादांचं ऐकून धाकटा भाऊ गप्प बसला, कारण बॅनरची ऑर्डर त्यानंच दिली होती. ती रद्द. ठेव बाबांच्याच शाळेत राहील, पावतीची एक प्रत आईकडे, एक माझ्याकडे, आणि पैसे प्रवेशाच्या आठवड्यात. नावापुढं 'कै.' लावायचं की नाही यावर अजून एकमत नाही. आई म्हणते, पोट्ट्यांना ते सरच होते, नुसतं सर लिहा.