स्मोकी अँड द बॅण्डिट २: हत्तीण कशाला घुसवली?

तिरकस_तात्या: काल इथे एकाने ठोकून दिलं की या सिनेमाचा १९८०चा दुसरा भाग पहिल्याइतकाच धमाल आहे, ज्यांना आवडला नाही त्यांना विनोद कळत नाही. बरं बुवा, नाही कळत. पण घड्याळ कुठे गेलं? १९७७च्या पहिल्या भागात नायक बॅण्डिटने टेक्सार्कानाहून कूर्स बिअरच्या ४०० पेट्या उचलायच्या आणि २८ तासांत अटलांटात परत. संपली गोष्ट! म्हणून तर त्याच्या मागावर असलेला पोलीस, शेरीफ जस्टिस, घाईघाईने सँडविच कोंबतोय आणि बाजूला बॅण्डिटच उभा आहे याचा त्याला पत्ता नाही, यात मजा येते. दुसऱ्यात मायामीहून डॅलसला गाभण हत्तीण न्यायची. तिला आराम हवा, म्हणजे गाडी थांबवा. पाठलागाच्या सिनेमात थांबायचं?

मधली_आळी: हत्तीण आहे म्हणूनच बॅण्डिटचा माज दिसतो. प्रसिद्धी डोक्यात गेलीय, दारू सुटत नाही, नायिका कॅरी वैतागून निघून जाते. शिवाय जस्टिस झालेल्या जॅकी ग्लीसनचे तीन-तीन रोल!

तिरकस_तात्या: एकच जस्टिस पुरेसा होता. तिप्पट केला की तिप्पट हसू येतं असं गणित नसतं.

गिअरबॉक्स: खरी माती गाडीने केली. बॅण्डिटच्या ७७च्या पाँटियाक ट्रान्स ॲम गाडीत ६.६ लिटरचं इंजिन, ८०च्या टर्बोत (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ४.९. पुढचं बोलूच नका.

मधली_आळी: तेव्हा अमेरिकेत तेलटंचाई, धुराचे नियम, ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा. पाँटियाक कंपनीने काय करायचं होतं?

गिअरबॉक्स: टर्बो सोडून काहीही. माझ्या डिझेलचा टर्बो खंबाटकी चढून वर आल्यावर बसला. बायको-पोरं उन्हात, वर गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, अख्खा बदलावा लागेल."

सातारकर_७७: घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं असणार. तापलेल्या टर्बोचं तेल बंद केलंत, मग बेअरिंग जाणार नाही तर काय?

गिअरबॉक्स: तुम्ही मागच्या सीटवर होतात का?

सातारकर_७७: गरज नाही. असे दर रविवारी हॉटेलांसमोर बघतो. चहाची तल्लफ आवरत नाही आणि शिव्या कंपनीला.

गिअरबॉक्स: चहा नव्हता, पोराला उलटी आली होती! माहिती नसताना अक्कल पाजळू नका.

तिरकस_तात्या: अहो, धागा हत्तिणीचा आहे.

मधली_आळी: तात्या, विषय बदलू नका. शेवटी वाळवंटात ट्रकवाले पोलिसांच्या गाड्यांचा चेंदामेंदा करतात, तोही नाही आवडला?

तिरकस_तात्या: तो आवडला. दिग्दर्शक हॅल नीडहॅम मूळचा स्टंटवाला, पत्रा चेपायला त्याला कथा लागत नाही. तेवढी दहा मिनिटं तुमची. बाकीचा सिनेमा हत्तिणीसकट घेऊन जा.

मधली_आळी: उपकार झाले.

सातारकर_७७: उलटी झाली तरी इंजिन चालू ठेवून उतरता येतं.