सामान्य सापेक्षतेचं वेगळेपण कशात? सहनिर्देशकांच्या मोकळिकीत नक्कीच नाही

वक्ररेषा
सामान्य सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, समजावताना व्याख्यानांत हमखास सांगतात: "कोणतेही सहनिर्देशक (स्थळ-काळातल्या बिंदूंना दिलेले आकडे) घ्या, आइनस्टाइनची समीकरणं तशीच राहतात, हेच या सिद्धांताचं मोठेपण." मला हे पटत नाही. पुरेशी गणिती खटपट केली की कुठलाही सिद्धांत असा लिहिता येतो, हा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ क्रेचमन यांनी १९१७ मध्येच घेतला होता. पुढे गणितज्ञ कार्तान यांनी न्यूटनचं गुरुत्वाकर्षणही तसं लिहून दाखवलं. खरं वेगळेपण हे, की इथे मेट्रिक, म्हणजे स्थळ-काळातली अंतरं ठरवणारं मोजमाप, आधी ठरवून दिलेलं नाही. आइनस्टाइनच्याच आधीच्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या विशेष सापेक्षतेत मिन्कोव्स्कीचं सपाट मेट्रिक पदार्थाला वाट आखून देतं, पदार्थ मात्र त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

खवचट_काका
मग १९१३ मध्ये आइनस्टाइन अडले कशाला? त्यांचा छिद्राचा युक्तिवाद आठवा. विश्वात एक रिकामा भाग, बाहेरचं सगळं ठरलेलं, तरी आतलं मेट्रिक अनेक तऱ्हांनी मांडता येतं! म्हणून त्यांनी सहनिर्देशकांची ही मोकळीकच सोडून दिली होती. १९१५ च्या अखेरीस उमगलं, की नुसत्या बिंदूला ओळख नसते. खऱ्या त्या कणांच्या, किरणांच्या गाठीभेटी. नुसत्या लिहिण्याच्या पद्धतीपायी एवढा घोळ होतो होय?

वक्ररेषा
काका, घोळ झाला कारण मेट्रिकच अज्ञात होतं. ते ठोकून बसवलेलं असेल, तर पदार्थ मनमानी सरकवला की उत्तर चुकतं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

हिंगोलीकर
आमच्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. तिथे येणारी लहर सपाट अवकाशावरची बारीक थरथर म्हणूनच मांडतात. म्हणजे आधी ठरवलेली पार्श्वभूमी धरूनच काम चालतं की! बाकी तत्त्वज्ञान चालू द्या.

खवचट_काका
चालतं, पण जपून. सपाट भाग कुठला नि थरथर कुठली हे आपण ठरवतो. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टननी १९२२ मध्ये दाखवलं, की त्या काळी मोजल्या जाणाऱ्या लहरींच्या तीन प्रकारांपैकी दोन म्हणजे निव्वळ सहनिर्देशकांचं हेलकावणं. त्यांना ठरावीक वेगही नाही.

शून्यमित्र
वक्ररेषा, 'वक्रता शून्य' हेच समीकरण म्हणून सिद्धांतात घातलं, तर मिन्कोव्स्कीचं मेट्रिकही 'अज्ञात'च झालं ना? पार्श्वभूमी ओळखायची भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांची कसोटी अशी: प्रत्येक उत्तरात, सहनिर्देशक बदलून, जी गोष्ट स्थानिक पातळीवर तीच निघते ती निरपेक्ष, म्हणजे पार्श्वभूमी. पण मग विश्वभर पसरलेल्या धुळीचा वेगही निरपेक्ष ठरतो, कारण तो कुठेही 'स्थिर' दिसेल असे सहनिर्देशक घेता येतात. धूळ ही पार्श्वभूमी? पार्श्वभूमी म्हणजे काय, ते तरी आधी ठरवा.

वक्ररेषा
धुळीचा मुद्दा बोचतो खरा, पण अँडरसनच्या कसोटीला. मी 'सगळीकडे सारखं निघतं का' असं विचारतच नाही, 'उलट परिणाम करून घेतं का' असं विचारतो. धूळ मेट्रिकला वाकवते आणि मेट्रिक धुळीला वळवतं. तुमचं शून्य वक्रतेचं मेट्रिक, अज्ञात म्हणा की आणखी काही, पदार्थाकडे ढुंकूनही बघत नाही.