'सोळा आणे खरं': हे आणे नाण्यातले की वाट्यातले?

खोडरबर: 'तुझं म्हणणं सोळा आणे खरं' यात मला तरी काही कोडं दिसत नाही. रुपयाचे आणे सोळा, म्हणून सोळा आणे म्हणजे पुरतं, कसर नसलेलं. 1 एप्रिल 1957 ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला. आणा व्यवहारातून गेला, जिभेवर राहिला. कुणाला वेगळं वाटतं का?

जुनापाना: वाटतं. ब्रिटिश अमलात एक आण्याचं निकेलचं नाणं आलं तेच मुळी 1907 मध्ये. आणा हा मुख्यतः हिशेबातला सोळावा हिस्सा. वतनात कुणाचा चार आणे वाटा, कुणाचा दोन आणे. पिकाची आणेवारीही तशीच (आता पैसेवारी म्हणतात, 50 पैशांच्या आत गेली की दुष्काळाची बोलणी सुरू). सोळा आणे पीक म्हणजे पुरेपूर पीक. म्हण शेतातून आली.

खोडरबर: म्हणजे आधी कळस मग पाया! रुपयाचे सोळा आणे नसते तर वाटे आण्यांत मोजले कशाला असते?

तिरकी_रेघ: दोघंही सोनाराला विसरलात. ज्ञानेश्वरीत 'साडेपंधरे' सोनं आहे; गुरूची स्तुती करणं म्हणजे त्या सोन्याला चांदीचा मुलामा देणं, असं ज्ञानदेव म्हणतात. सोळापैकी साडेपंधरा कस! ही ओवी 1290 ची, शेरशहाचा रुपया सोळाव्या शतकातला. सोळा म्हणजे निर्भेळ, हे रुपयाच्या आधीचं आहे.

खडूस_मावशी: आणि आणा कुठाय त्यात? सोळा आकडा सापडला म्हणून म्हण सापडत नाही. तुम्ही सगळे 'सोळा आणे'ला चिकटलात, 'खरं'कडे बघा. खरं-खोटं नाण्याला म्हणतात. सराफ रुपया वाजवून, तोलून घ्यायचा. झिजलेला निघाला, परक्या टांकसाळीचा निघाला, की बट्टा कापायचा. रुपया देऊनही सोळा आणे पदरात नाहीत! बट्टा न लागता चालला तो सोळा आणे खरा. 'नावाला बट्टा लागणं'ही त्याच पेढीवरचं.

तिरकी_रेघ: हे मात्र झकास. सोनं मागे घेतो. अर्धंच.

जुनापाना: मावशी, 'काम बारा आणे झालं, चार आणे राहिलं' असं आपण म्हणतो तेव्हा बट्टा कोण कापतंय?

खडूस_मावशी: कुणी नाही. पण त्यात 'खरं' कुठे आहे?