बामणघळीला 'फसवणूक' म्हणणाऱ्यांनी आधी पंचांग उघडावं

वाकडा_खेकडा:
काल इथे 'कोकणातली उगाच डोक्यावर घेतलेली ठिकाणं' अशी यादी आली. पहिला नंबर गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या बामणघळीला. लेखक सहकुटुंब सकाळी अकराला पोचले, त्यांना "खडकातली एक फट, तळाशी गुडघाभर पाणी आणि त्यात तरंगणारी वेफर्सची पाकिटं" दिसली. अर्धा तास थांबले, पाणी काही उडालं नाही. निष्कर्ष: रील्सवाल्यांनी फुगवलेली फसवणूक. वर दोन मागण्या: घळीला कठडा बांधा आणि 'शो'च्या वेळा लिहा.

हे वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

अहो, ती घळ आहे, सोसायटीच्या बागेतलं कारंजं नव्हे की बटण दाबलं आणि उडालं. उमामहेश्वराच्या देवळापासून काळ्या खडकांवरून चालत गेलं की समुद्राकडे तोंड करून ही चीर पडलेली आहे. तोंड अरुंद, मागची बाजू बंद. लाट आत शिरली की तिला मागे जायला वाट नाही, बाजूला पसरायला जागा नाही, मग ती वरच जाणार. आधी आत कोंडलेल्या हवेचा तोफेसारखा आवाज येतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग भिंतीला धरून पाणी सरळ आकाशात. पण त्याला पाण्याची पातळी चढलेली लागते. ओहोटीला लाट बाहेरच्या खडकांवरच फुटते, आत येतो तो नुसता फेस.

आता वेळ. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पक्ष शुक्ल असो की कृष्ण. पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या आजोबांना मोबाइल लागत नव्हता. तुमच्या फोटोखाली तारीख आहे, त्या दिवशी सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे सव्वापाचला भरती आणि अकरा-सव्वाअकराला ठार ओहोटी. अख्ख्या दिवसात नेमकी तीच वेळ तुम्ही गाठलीत. त्यात सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी, भरती आली तरी मरगळलेलीच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा दुपारी अकरा-साडेअकराला जाऊन उभे राहा आणि मग लिहा.

आळशी_गिर्यारोहक:
ती यादी माझी. म्हणजे दोष माझाच तर. छान. पुण्याहून घाट उतरून, चिपळूणनंतर पोरीच्या दोन उलट्या झेलत आम्ही पोचायचं, आणि वर पाऊणकी पाठ नाही म्हणून बोलणीही खायची. देवळाबाहेर दर्शनाच्या वेळा लिहितात, होडीच्या फेऱ्यांच्या लिहितात. भरतीची वेळ लिहिली तर समुद्राचा अपमान होतो का? मला तरी तिथे अशी पाटी दिसली नाही. माझ्यासारख्यांना आधी कळणार कुठून? सगळ्या रील्समध्ये पाणीच उडतंय. ओहोटीची रील कोणी टाकत नाही.

पंचांगशास्त्री:
पाऊणकीचा हिशोब ढोबळ आहे, मूळ धाग्यात तो फारच छातीठोकपणे मांडलाय. तिथीची वृद्धी-क्षय असतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि दिवसागणिक भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. शिवाय मुंबईची वेळ आणि रत्नागिरीची वेळ एक नाही. पाण्याची उंचीही नाही. मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते, रत्नागिरीकडे पाणी तेवढं चढत नाही. खंबातच्या आखाताकडे जावं तसं ते वाढत जातं, भावनगरला तर दहा मीटरच्या घरात. तेव्हा मुंबईचे आकडे बघून हेदवीला निघू नका.

वाकडा_खेकडा:
@पंचांगशास्त्री अर्ध्या तासाने काही बिघडत नाही हो. हे गृहस्थ सहा तासांनी चुकलेत.

दोन_घोट_चहा:
वेळेचं जाऊ द्या, कठड्याचं बोला. मी कठड्याच्या बाजूने आहे आणि राहणार. माझा मेहुणा, पट्टीचा पोहणारा, अशाच एका खडकावर उभा होता. घळ ही नव्हे, दुसरीकडची. समुद्र शांत, वारा नाही, पंधरा-वीस मिनिटं लाटा पायाच्या खाली दोन हात. आणि एकच आली. त्याला ओढून नेलं नाही, नुसतं पाडलं. पण खडकाला लागलेल्या कालवांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय असा काही सोलला की टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, किसणीवर पडलात का. चप्पल अजून समुद्रात आहे. "समुद्र कळणाऱ्यांना कठडा लागत नाही" हे सांगायला सोपं आहे, हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते ते काय गंमत म्हणून? हजारो किलोमीटरवर दक्षिणेच्या महासागरात वादळ होतं आणि इथे निरभ्र आकाशाखाली लाटा येतात. पाऊणकीत ते बसत नाही.

गुहागरवाली:
चहावाले, मेहुण्यांचं वाईट वाटलं. पण तिथे लोखंडी कठडा लावून बघाच. खाऱ्या वाऱ्यात घराच्या खिडकीचे गज दोन पावसात फुगतात, इथे तर थेट उधाण बसणार. गंजलेला कठडा नसलेल्या कठड्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्याला टेकतो. आणि टेकल्यावर वर बसतो. आणि बसल्यावर फोटो काढतो.

हरिहरेश्वरला बघा. प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन कड्यांच्या मधून पायऱ्या उतरून खाली खडकांवर येतो आपण. भरतीला तिकडे जाऊ नका असं गाव कंठशोष करून सांगतं, बोर्डही आहेत. तरी लोक उतरतात आणि तरी माणसं वाहून गेली आहेत. पाटी वाचायची नाही हे ज्याने ठरवलंय त्याला कठडा काय करणार?

दोन_घोट_चहा:
म्हणजे लोक हेल्मेट घालत नाहीत म्हणून हेल्मेटच बनवायची नाहीत. मोठा तर्क आहे ताई.

सोनेरी_क्षण_फोटो:
एक वेगळं दुःख मांडतो. घळीचा उसळता फवारा आणि मागे मावळता सूर्य असा फोटो मला वर्षानुवर्षं हवाय. वरचं गणित वाचून कळलं की तो मिळणारच नाही. सूर्यास्ताला भरती येते अष्टमीच्या आसपास, आणि तेव्हा पाणी भांगाचं. उधाण असतं पौर्णिमा-अमावास्येला, तर भरती ऐन दुपारी, डोक्यावर ऊन, फोटो पांढरा फटक. पावसाळ्यात भांगालाही उसळतं म्हणतात, पण तेव्हा सूर्यच नसतो. निसर्गाने ठरवून काढलेली खोडी आहे ही.

सुकट_बोंबील:
@सोनेरी तुमच्या दुःखाची दुसरी बाजू ऐका. पौर्णिमेला संध्याकाळी पूर्ण ओहोटी. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एवढी रुंद दिसते की वेडा माणूस म्हणतो, चला गाडी खाली घेऊ. तो वेडा मीच. तालुक्यातलीच एक पुळण, नाव घेत नाही. सूर्यास्त बघितला, भेळ खाल्ली, साडेसातला निघालो तर मागची चाकं अर्धी आत. ॲक्सिलरेटर दिला, आणखी आत. आणि पाणी यायला लागलेलं.

गावातून ट्रॅक्टर आला. साखळी हातात धरून, न बांधता, म्हणतो चार हजार. मी म्हटलं दोन देतो. तो काही बोलला नाही, ट्रॅक्टरवर बसून पाण्याकडे बघत राहिला. दहा मिनिटांनी म्हणतो, आता सहा. दिले. याला आतिथ्यशील कोकण म्हणतात! घळ राहू द्या, खरी फसवणूक ही.

गुहागरवाली:
हसून हसून मेले. दोन हजारांची घासाघीस भरतीशी करत होता तुम्ही.

कट्ट्यावरचा:
यात हसण्यासारखं काय आहे? नडलेल्या माणसाला लुटणं याला धंदा म्हणत नाहीत. आमच्या सातारकडे गाडी चिखलात रुतली तर शेतातून चार जण न बोलावता येतात, ढकलतात, वर चहा पाजतात. पैशाचं नाव काढलं तर रागावतील.

आडवाटेचा_रिक्षावाला:
साताऱ्यात चिखल गोड्या पाण्याचा असतो दादा. माझ्या चुलत्याचा ट्रॅक्टर आहे, म्हणून बोलतो. तो ट्रॅक्टर खाऱ्या पाण्यात घातला की घरी येऊन दोन तास गोड्या पाण्याने धुवायचा, ग्रीस मारायचं, तरी बेअरिंग जायचं ते जातंच. मागे एकाची गाडी ओढताना चुलत्याची साखळी तुटली, टोक उडून मडगार्डला लागलं, तिथे अजून पोचा आहे. चार बोटं अलीकडे त्याची मांडी होती. गाडीवाला काय म्हणाला? "बंपरला ओरखडा आला, आधी तो बघ." जेवणावरून उठून अंधारात जातो माणूस, आणि तुम्हाला चहापण पाहिजे.

सुकट_बोंबील:
मग चारच घ्यायचे होते ना! दहा मिनिटांत सहा कसे झाले? बेअरिंग दहा मिनिटांत महागलं?

आडवाटेचा_रिक्षावाला:
पाणी यायला लागलेलं हे तुम्हीच लिहिलंय. आधी चाकाशी असेल, दहा मिनिटांत सायलेन्सरशी. काम वाढलं, पैसे वाढले. वाकुल्या दाखवत गाडी पुळणीवर घालायची, बोर्ड वाचायचा नाही, आणि मग गाव लुटारू.

कट्ट्यावरचा:
मुळात तुम्हा लोकांना पर्यटक नको असतात, फक्त पर्यटकांचे पैसे हवे असतात. एकदा स्पष्ट बोला.

आडवाटेचा_रिक्षावाला:
"तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला? स्पष्ट बोला म्हणता तर तुम्हीच बोला.

कासवमित्राची_बायको:
दोघेही थांबा आणि एक तिसरी बाजू ऐका. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत याच पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं वर येऊन अंडी घालतात. 2022 साली गुहागरच्या किनाऱ्यावरून उपग्रहाचे टॅग लावून कासवं सोडली, सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं. आणि आमचे हे पहाटे घरटी शोधायला जातात तेव्हा त्यांना कासवाच्या पावलांच्या खुणांआधी टायरचे पट्टे दिसतात. मी तर म्हणते ट्रॅक्टरचे दहा हजार करा. सुकटभाऊंना सूट.

सुकट_बोंबील:
आभारी आहे वहिनी. गाडी खाली न्यायची नाही हे मान्य. यापुढे नेणार नाही. सहा हजार मात्र जास्तच होते, हे मरेपर्यंत म्हणत राहणार.

वाकडा_खेकडा:
मंडळी, धागा बामणघळीचा होता. ट्रॅक्टरचा वेगळा काढा.

जांभा_कातळ:
ट्रॅक्टर आणि कठड्यावर एवढी शाई, आणि वरच्या सड्याचं, म्हणजे माथ्यावरच्या कातळ पठाराचं, कोणी बोलत नाही. घळीचा काळा खडक बेसॉल्ट, समुद्राला हजारो वर्षं पुरून उरेल. वर बघा जरा. सड्यांवर जांभ्याचं कातळ, त्याच्या कडेला उभं राहिलं की खाली समुद्र. 'सी व्ह्यू प्लॉट' म्हणून तुकडे पाडून चिऱ्याच्या कंपाउंडा उठतायत. कातळावरून समुद्राकडे जायच्या जुन्या पायवाटा त्या कंपाउंडात गेल्या. कातळशिल्पांची ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली म्हणून पेढे वाटले, आणि शेजारच्या कातळावर जेसीबी. तुमची पोरं घळीशी भरतीच्या वेळेला पोचतीलही हो, पण वाटेवर गेट असेल.

आळशी_गिर्यारोहक:
@जांभा_कातळ विकतंय कोण पण? प्लॉट पुण्याहून येऊन कोणी उचलून नेत नाही. सातबारावर गावातलीच नावं असतात.

जांभा_कातळ:
असतात. मुंबईला गेलेल्या सात भावांची असतात, आणि आठवा गावात एकटा विहिरीचा पंप दुरुस्त करत असतो. सात जणांना पैसे हवे असतात, आठव्याला कोणी विचारत नाही. माझ्या घरचंच सांगतोय, त्यामुळे पुढे वाद घालणार नाही.

गुहागरवाली:
मूळ भांडणावर माझं शेवटचं. कठडा नको. पण देवळापाशी, खडकावर उतरायच्या आधी, त्या दिवसाच्या भरतीची वेळ खडूने लिहायला एक फळा लावला तर बिघडणार काही नाही. आणि खडकावर एक पांढरा पट्टा, ओले खडक सुरू होतात त्याच्या बरंच अलीकडे. शेवाळावर पाय गेला की कोणी सावरत नाही, आणि शांत समुद्रातही एखादी लाट पाडते हे चहावाल्यांचं बरोबर आहे. त्यांच्या कठड्याशी मात्र मी सहमत नाही.

दोन_घोट_चहा:
पट्टा चालेल. कठड्याचा आग्रह तूर्त मागे. पहिला माणूस पट्टा ओलांडून उभा राहिला की याच धाग्यावर परत येईन.

आळशी_गिर्यारोहक:
म्हणजे 'शो'च्या वेळा लिहा ही माझीच मागणी, फळा म्हटल्यावर सगळ्यांना पटली. छान. पाऊणकीसाठी धन्यवाद @खेकडा, बायकोने ती फ्रिजवर चिकटवली आहे आणि माझ्याकडे बघून हसते. कोजागरीला जातोय, दुपारी अकराच्या आधी पोचतो. यादीतून बामणघळ तोपर्यंत काढणार नाही. उडालं तर काढेन.

पंचांगशास्त्री:
कोजागरी आणि पौर्णिमेची भरती एकाच दिवशी धरू नका. कोजागरी मध्यरात्रीच्या पौर्णिमेवर ठरते, पौर्णिमा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहू शकते. दोन दिवस मुक्काम ठेवा.

आळशी_गिर्यारोहक:
दोन दिवसांच्या खोलीचं भाडं कोण देणार?

सुकट_बोंबील:
सहा हजारांच्या आत बसवा.

आडवाटेचा_रिक्षावाला:
चार सांगतील तेव्हाच हो म्हणा.