मदत हवी आहे: नॉर्स सर्व्हायव्हल गेम, नववं जग कुठलं?

कोडखोर
सर्व्हायव्हल गेम करतोय, नॉर्स (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या पुराणकथांची) थीम. त्या कथांतली नऊ जगं म्हणजे नऊ बायोम (गेममधले वेगवेगळे प्रदेश), असा साधा हिशेब होता. आठ झाली, नववं ठरत नाही. निम्मे लोक हेल म्हणतात, निम्मे निफ्लहाइम. कुठे निदावेल्लिर आणि स्वार्ताल्फहाइम वेगळी, कुठे एकच. बरोबर यादी कोणती तेवढं एका ओळीत सांगा. दुसरं, टेस्टर रूनस्टोन (कथा कोरलेले दगड) वाचतच नाहीत, सरळ पुढे पळतात. मग लोर (खेळामागची कथा) सांगायचा कसा? 'आधी एड्डा (नॉर्स कथांचे जुने आइसलंडी ग्रंथ) वाच' असले सल्ले कृपया नकोत. शुक्रवारी बिल्ड द्यायचंय.

रातकिडा
एकट्याने खेळायचा की अनेकांनी? दिवस किती मिनिटांचा? मेल्यावर काय होतं? खेळाडू उपाशी मरतो का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, उत्तर कशावर द्यायचं?

गोडोप्रेमी
गेम इंजिन कुठलं? युनिटी असेल तर आत्ताच बाहेर पडा. २०२३ मध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे पैसे लावायचं जाहीर केलं होतं, विसरू नका.

अर्धापंडित
एका ओळीत: बरोबर यादी नाहीच. 'व्होलुस्पा' या एड्डातल्या कवितेत एक द्रष्टी नऊ जगं आठवतात एवढंच म्हणते, नावं देत नाही. 'वाफथ्रुदनिस्माल' या दुसऱ्या कवितेत एक राक्षस नऊ जगं फिरून निफ्लहेलच्या खाली गेल्याचं सांगतो, तिथेही यादी नाही. स्नोरीने (गद्य एड्डा लिहिणारा आइसलंडी) तर हेल या देवतेला निफ्लहाइमात टाकून नऊ जगांवर सत्ता दिली. जालावर दिसणारे नऊ फांद्यांचे सुबक तक्ते नंतरच्या अभ्यासकांनी आणि चित्रकारांनी जुळवलेले आहेत. काळे आल्फ (एल्फ) आणि बुटके यांचीही स्नोरी सरमिसळ करतो, म्हणून निदावेल्लिर-स्वार्ताल्फहाइमचा घोळ. तेव्हा तुमचं नववं जग चुकूच शकत नाही. आठच ठेवा आणि नववं कुणालाच सापडत नाही असं करा, तेही मूळ कवितेला धरूनच होईल.

कोडखोर
@अर्धापंडित, हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. @रातकिडा: चार जणांपर्यंत को-ऑप. दिवस २० मिनिटांचा. भूक आहे, उपाशी राहिलं की मरतो. मेल्यावर पलंगापाशी परत. खेळाडू अर्थातच वल्हाल्लातला (ओडिन देवाच्या महालातला) योद्धा आहे.

रातकिडा
'अर्थातच' म्हणे! गाठ तिथेच बसलीये. वल्हाल्लातला योद्धा, म्हणजे आइनहेरी, आधीच मेलेला असतो. 'ग्रिम्निस्माल' या कवितेप्रमाणे तिथे सेह्रिम्निर नावाचा डुक्कर आंद्रिम्निर हा आचारी शिजवतो, स्नोरी म्हणतो तो रोज शिजतो आणि संध्याकाळी पुन्हा अख्खा होतो. हाइद्रून शेळीच्या आचळांतून मीड (मधाची दारू) वाहते. अशा माणसाला भूक लावणार तरी कशी? वालहाइम या गेममध्ये (स्वीडनचा आयर्न गेट स्टुडिओ, २०२१) खेळाडू मेलेला योद्धा आहे, आणि तिथे उपाशी राहून कोणी मरत नाही. अन्न फक्त आरोग्य आणि दम वाढवतं, काही न खाल्लं तर आरोग्य २५ वर अडकतं. त्यांचा नियम कथेशी जुळतो. तुमचा जुळत नाही, म्हणून रूनस्टोनवर कितीही लिहा, ते चिकटवल्यासारखंच दिसणार.

कोडखोर
मग भूक काढू? अर्धा गेम त्यावर उभा आहे.

अर्धापंडित
भूक ठेवा, योद्धा काढा. खेळाडू जिवंत माणूस करा आणि काळ फिम्बुलवेत्रचा घ्या. सर्व्हायव्हलसाठी याहून तयार कथानक नाही. राग्नारॉकच्या (जगाच्या अंताच्या) आधी सलग तीन हिवाळे, मध्ये उन्हाळा नाही, बर्फ सगळ्या दिशांनी, सूर्य असून नसल्यासारखा. त्याच्याही आधी आणखी तीन हिवाळे, ज्यांत जगभर लढाया आणि भाऊ भावाला मारतोय. आणि यातून दोन माणसं वाचतात: लीफ आणि लीफ्थ्रासिर. ती होद्दमीमिरच्या राईत लपतात आणि सकाळच्या दवावर जगतात. म्हणजे शेवटचं ठिकाण, तिथलं अन्न, दोन्ही आयतं.

रातकिडा
+१. हिशेब मांडतो. २० मिनिटांचा दिवस, हिवाळा ८ दिवसांचा धरला तर १६० मिनिटं, तीन हिवाळे मिळून ८ तास. डेमोत पहिला हिवाळा पुरे. उजेड पहिल्या हिवाळ्यात १२ मिनिटं, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ६. शेवटी लांडगा सूर्य गिळतो तेव्हा शून्य. आकाशात स्कोल नावाचा लांडगा सूर्यामागे धावतो, अंतर रोज थोडं कमी करा. पाटी वाचल्याशिवाय कळेल की काय चाललंय. एक सांभाळा: पिकं उजेडावर वाढत असतील तर दुसऱ्या हिवाळ्यात जव पिकणारच नाही आणि खेळाडूला तो बग वाटेल. शेत करपल्याचं पहिल्याच हिवाळ्यात एकदा दाखवा.

देशीतडका
मला कळत नाही, आपल्या पुराणांत काय कमी आहे म्हणून नॉर्स? प्रलय आहे, मनूची नाव आहे, अश्वत्थ आहे, समुद्रमंथन आहे. सगळं सोडून बर्फात कशाला?

चहाबाज
धागा नॉर्सचा आहे हो. नवीन धागा काढा, तिकडे येतो.

देशीतडका
मत मांडायचं नाही का?

अर्धापंडित
मांडा की. पण मनूला माशाने आधी सांगितलेलं असतं, नाव बांधायला वेळ मिळतो. इथे सूचना येते आणि कुणी काही करू शकत नाही, ओडिनसुद्धा. खेळाचा सगळा ताण त्या फरकात आहे. (इ. स. ५३६ च्या ज्वालामुखी स्फोटानंतर सूर्य महिनोन्‌महिने फिका पडला होता, स्कँडिनेव्हियात वस्त्या ओस पडल्याच्या खुणा सापडतात. फिम्बुलवेत्रची आठवण तिथली असावी असा काही पुरातत्त्वज्ञांचा तर्क आहे. तर्कच, पण खेळाच्या पहिल्या दृश्याला राखाडी सूर्य छान दिसेल.)

गोडोप्रेमी
इंजिन सांगा ना. मराठी मजकूर दाखवणार असाल तर युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये जोडाक्षरं फुटतात, 'क्ति'ची वेलांटी भलतीकडे जाते. गोडो ४ या इंजिनमध्ये हार्फबझ (अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी) आतच आहे.

कोडखोर
मराठी मजकूर आहे असं मी कुठे म्हटलं? आणि ते इन्स्टॉलचे पैसे त्यांनी २०२४ मध्ये रद्द केले. पुढे. रूनस्टोनचं सांगा. एल्डर फुथार्कचा (जुन्या रून लिपीचा) फाँट लावलाय, इंग्रजी अक्षरागणिक एक रून.

खिळेठोक
दोन चुका. एल्डर फुथार्क २४ रून्सची, साधारण दुसऱ्या ते आठव्या शतकाची. व्हायकिंग काळात यंगर फुथार्क होती, फक्त १६ रून्स. दुसरी, अक्षरागणिक रून चालत नाही. सोळांत क आणि ग ला एकच रून, त आणि द ला एकच, ब आणि प ला एकच. ए ला वेगळी खूणच नाही, इ ची वापरायची. म्हणजे आधी शब्द जुन्या नॉर्समध्ये, मग उच्चाराप्रमाणे सोळांत बसवायचा. नोटो सान्स रूनिक फाँट फुकट आहे, परवाना खुला.

आणि वेगवीसिर नावाची ती आठ काट्यांची होकायंत्रासारखी खूण व्हायकिंगांची म्हणून लावू नका. ती आइसलंडच्या १८६० च्या हुल्द हस्तलिखितातली आहे. शिंगांची शिरस्त्राणंही नकोत, ती १८७६ साली बायरॉइटच्या ऑपेराच्या पोशाखातून लोकप्रिय झाली. दुहेरी सोविलो आणि पायाला वळण दिलेली ओथाला या रून्स कुठेच नकोत, नाझींनी वापरल्यामुळे जर्मनीत थेट कायद्याचा प्रश्न येतो.

चहाबाज
शिंगं काढलीत तर डेमोच्या चित्रावर कोण क्लिक करणार? थोडं खोटं चालतं हो. स्नोरी स्वतः ख्रिस्ती, १२२० च्या सुमारास लिहितोय, आइसलंड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटलेली. त्यानेही जुळवाजुळवच केली.

खिळेठोक
त्याच्यापुढे जुन्या कविता होत्या, तुमच्यापुढे पोस्टर आहे. फरक आहे.

चहाबाज
बरं. तुम्ही जिंकलात, क्लिक हरले.

कोडखोर
भांडण नंतर. 'वाचत नाहीत' याचं उत्तर कुणीच दिलं नाही.

रातकिडा
दिलं की. लोर वाचायला देऊ नका, नियमात घाला. तीन देतो, तिन्ही थेट मूळ कथेतून.

नखं. नागल्फार हे जहाज मेलेल्यांच्या नखांचं बनतं, आणि स्नोरी स्पष्ट सांगतो की नखं न कापता कुणाला मरू देऊ नका, जहाजाला सामान मिळतं. तेव्हा प्रत्येक प्रेतामागे २० नखं. सुरीने १५ सेकंदांत कापली तर शून्य, तसंच सोडलं तर २० मोजणीत जमा. मोजणी भरली की जहाज निघतं. सावधान: खेळाडूचे स्वतःचे मृत्यू सरसकट मोजलेत तर नवखा माणूस जितका मरेल तितका शेवट जवळ येईल, मग तो आणखी मरेल. दिवसाला एकाच मृत्यूची नखं धरा. आणि प्रेतं सेव्ह फाइलमध्ये वस्तू म्हणून ठेवू नका, एकच आकडा ठेवा, नाहीतर चार जणांच्या सर्व्हरवर फाइल फुगते.

बोकड. थॉरचे दोन बोकड, तांग्रिस्निर आणि तांग्न्योस्त. रात्री कापून खायचे, हाडं न मोडता कातड्यावर टाकायची, सकाळी जिवंत. यजमान शेतकऱ्याच्या मुलाने, थ्याल्फीने, आतल्या अस्थिमज्जेसाठी मांडीचं हाड फोडलं आणि बोकड लंगडा झाला. नियम: हाड फोडलं तर आज २५ टक्के जास्त ऊर्जा, उद्यापासून बोकड लंगडा, ओझं निम्मं. को-ऑपमध्ये भुकेल्या मित्राने गुपचूप हाड फोडणं म्हणजे अख्खी कथाच झाली.

ग्लेप्निर. फेनरिर लांडग्याला बांधायची दोरी. लेदिंग आणि द्रोमी या दोन साखळ्या त्याने आधी तोडल्या, म्हणून बुटक्यांनी सहा गोष्टींची ही रेशमी फीत केली: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास, पक्ष्याची थुंकी. यात गंमत अशी की स्नोरी म्हणतो, म्हणूनच आता मांजराच्या पावलांना आवाज नाही. तेव्हा रेसिपी एकदा वापरली की त्या वस्तू जगातूनच जाव्यात. मांजराच्या पावलांचा ध्वनी कायमचा बंद, माशांचे बुडबुडे बंद. एकही पाटी न लावता खेळाडूला कळेल की काहीतरी खर्च झालं.

अर्धापंडित
ही तिसरी कल्पना उत्तम. आधी दोन साखळ्याही करू द्या, लोखंड भरपूर घ्या आणि लांडग्याने त्या तोडल्याच पाहिजेत. खेळाडू वैतागेल, पण देवही वैतागले होते.

देशीतडका
बाईची दाढी मिळणार कुठे?

रातकिडा
मिळणारच नाही. ती बुटक्यांकडेच ठेवा, बदल्यात काहीतरी मागतील.

आळशीबोका
अवांतर: हिवाळ्यात खायचं काय ते कुणी सांगितलं नाही. आइसलंडमध्ये मीठ दुर्मिळ, म्हणून मांस आंबट ताकपाण्यात (चक्का बांधल्यावर गळतं ते पाणी) मुरवायचे. मासे थंड वाऱ्यावर लटकवून सुकवायचे. स्कीर म्हणजे ढोबळमानाने आपला चक्का. लाकूड कमी, म्हणून किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके आणि वाळवलेलं मेंढ्यांचं शेण जळण. मीठ मिळालं की मांस टिकलं असा सरधोपट नियम ठेवू नका, ताकपाण्याचं पिंप ठेवा. गळती झाली तर मांस सडतं. शेकोटीत शेण घातलं की ऊब कमी, धूर जास्त, पण मांस त्याच धुरावर टिकतं.

चहाबाज
गोवऱ्या! देशीतडका, बघा, आलं आपलं काहीतरी.

कोडखोर
ठरलं: जिवंत माणूस, डेमोत एकच हिवाळा, नखं आणि बोकड. ग्लेप्निर पूर्ण गेममध्ये. वालहाइमचे आइकथिर, बोनमास, यॅग्लुथ असे बॉस मूळ एड्डातलेच ना? मग तेही घेतो.

खिळेठोक
नाही! आइकथिर्निर खरा आहे, वल्हाल्लाच्या छतावरचा हरिण, लेराद झाडाची पानं खातो, शिंगांतून ह्वेर्गेल्मिरमध्ये पाणी ठिबकतं, त्यातून नद्या निघतात. बोनमास आणि यॅग्लुथ त्या स्टुडिओने रचलेले. कथा सगळ्यांच्या, पण त्यांनी रचलेलं त्यांचं. मूळ मजकूर उद्धृत करायचा तर आजचा अनुवाद उचलू नका, एड्डातल्या कवितांचा बेलोजचा १९२३ चा घ्या, त्याचा कॉपीराइट संपलाय.

कोडखोर
बरं झालं विचारलं. शेवटचं: मांजराचा आवाज कायमचा बंद केला तर टेस्टर बग म्हणून तक्रार टाकणार नाहीत का?

रातकिडा
टाकतील. त्यासाठी आधी मांजर भरपूर वेळ ऐकू आलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून झोपडीत एक ठेवा, लाकडी फळ्यांवर टपटप चालणारी. ग्लेप्निर झाल्यावर तीच मांजर त्याच फळ्यांवरून जाऊ द्या. तरीही तक्रार आली तर तिला उत्तर देऊ नका.

गोडोप्रेमी
ऑडिओ बस (आवाजाची स्वतंत्र वाहिनी) वेगळी काढा त्यासाठी. गोडोमध्ये ते अगदी सोपं आहे. इंजिन कुठलं ते अजून सांगितलं नाहीत.